अपडेट घेत नसलेला फोन आणि पासोड्या विठोबाजवळचा दुरुस्तीचा गाळा

पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या मंदिराभोवतीच्या गल्ल्यांमध्ये मोबाइलच्या दुकानांची इतकी दाटी आहे की, नवख्या माणसाला कुठे शिरावे हेच समजत नाही. कव्हर, काचा आणि चार्जर विकणारी दुकाने रस्त्यालगत आहेत आणि खरे दुरुस्तीचे काम बहुतेक वेळा जिने चढून गेल्यावर, वरच्या मजल्यांवरच्या लहान गाळ्यांमध्ये चालते. अशाच एका गाळ्यात गेल्या नोव्हेंबरमध्ये माझ्या वडिलांचा फोन दुरुस्त झाला, त्या कामाबद्दल हे लिहीत आहे. गाळ्याचे नाव मी देत नाही, कारण तिथे काम करणारे दादा आणि त्यांचा एक मदतनीस एवढीच माणसे आहेत आणि गर्दी वाढली तर हातातल्या कामाला न्याय देता येणार नाही, म्हणून नाव लिहू नका, असे त्यांनीच सांगितले. मात्र त्यांनी काम कसे केले हे सविस्तर सांगितले, तर कोणत्याही दुकानात फोन देण्यापूर्वी काय विचारावे, हे वाचणाऱ्याला कळेल.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक आहेत. त्यांचा फोन २०२१ साली घेतलेला, ६४ जीबी साठवणुकीचा, अँड्रॉइडचा आहे. दुखणे असे होते की, दर दोन-तीन दिवसांनी अपडेट आल्याची सूचना येई, बाबा ‘डाउनलोड करा’ दाबत, पावणेदोन जीबीच्या आसपासची फाइल उतरे आणि त्यात त्या दिवसाचा सगळा डेटा संपे. मग बसवण्याची पट्टी अर्ध्यावर जाऊन थांबे आणि ‘अपडेट इन्स्टॉल करता आले नाही’ एवढेच वाक्य पडद्यावर उरे. दोन दिवसांनी पुन्हा तेच. सुरक्षा पॅचची, म्हणजे सुरक्षेतल्या त्रुटी बुजवणाऱ्या अपडेटची तारीख, जी सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’ या भागात दिसते, ती दीड वर्षापूर्वीच्या महिन्यावर अडकलेली होती. बाबा निवृत्तिवेतनाचे पैसे याच फोनवरून पाहतात, किराणा आणि औषधांचे पैसे याच फोनवरून देतात, त्यामुळे मला ही गोष्ट साधी वाटत नव्हती. अँड्रॉइडच्या सुरक्षा त्रुटींची यादी ऑगस्ट २०१५ पासून दर महिन्याला जाहीर होते. म्हणजे ज्या फोनवर पॅच बसत नाही, त्या फोनची कोणती दारे उघडी आहेत हे चोरालाही वाचता येते.

घरी जे करता येते ते मी सगळे केले होते. फोन बंद करून सुरू केला, मोबाइल डेटाऐवजी वाय-फाय लावले, चार्जिंगला लावून बॅटरी पूर्ण भरली, तारीख आणि वेळ ‘आपोआप’ यावर आहे ना ते पाहिले. तारखेचा संबंध पुष्कळांना कळत नाही. फोन कंपनीच्या सर्व्हरशी बोलताना त्या सर्व्हरचे प्रमाणपत्र मुदतीत आहे की नाही हे स्वतःच्या घड्याळावरून ठरवतो, म्हणून वर्ष चुकलेले असेल तर तो खऱ्या सर्व्हरवरही विश्वास ठेवत नाही. आमच्या फोनची तारीख बरोबर होती. साठवणूक मात्र काठोकाठ भरलेली होती. व्हॉट्सॲपवरच्या सुप्रभाताच्या चित्रांनी आणि लग्नाच्या व्हिडिओंनी मिळून जवळपास २० जीबी जागा घेतली होती, त्यातले मी अकरा जीबी मोकळे केले. त्यानंतर एक फरक पडला. पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत गेली, फोन बंद होऊन सुरू झाला आणि पाहतो तर आवृत्ती जुनीच. तीनदा हेच घडले.

तेव्हा आम्ही कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात गेलो. तिथले कर्मचारी सौजन्याने वागले, पण काउंटरवर फोन दोन मिनिटे पाहून त्यांनी एकच उपाय सांगितला : फोन फॉरमॅट करावा लागेल, डेटाची जबाबदारी आमची नाही, इथे सही करा. त्यांची कार्यपद्धती तशीच असेल आणि रोज शंभर फोन हाताळणाऱ्यांना ती सोयीचीही पडत असेल. पण बाबांनी फोन उचलला आणि ते तिथून निघाले. गेली चार वर्षे ते आमच्या गावातल्या आणि आजूबाजूच्या वाड्यांवरच्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करत आहेत. त्यातल्या काही बायका आता हयात नाहीत. ती १४३ मुद्रणे फक्त त्या फोनमध्ये होती. दुसरीकडे प्रत का काढली नाही, असे मी त्यांना विचारले नाही, कारण तो प्रश्न मी चार वर्षांत स्वतःलाही विचारला नव्हता.

पासोड्या विठोबाजवळच्या गाळ्यात गेलो तेव्हा दादांनी पहिल्यांदा फोन हातात घेतलाच नाही. आधी विचारले, “काका, अपडेट कुठे थांबतंय? उतरताना, बसवताना, की बंद होऊन चालू झाल्यावर?” पुढचा प्रश्न, “आधी कोणी यात सॉफ्टवेअर मारलंय का?” आणि तिसरा, “गुगलचा पासवर्ड आठवतो का?” या तीन प्रश्नांसाठी मी या गाळ्याला मनापासून गुण देते, कारण प्रत्येकामागे पक्के कारण होते आणि विचारल्यावर त्यांनी ते समजावूनही सांगितले.

उतरताना थांबत असेल तर दोष नेटमध्ये, तारखेत किंवा जागेत असण्याची शक्यता जास्त. बसवताना थांबत असेल तर जागा, बॅटरी किंवा अर्धवट उतरलेली फाइल. आणि पूर्ण बसून, बंद-चालू झाल्यावर जुनीच आवृत्ती दिसत असेल तर फोनने नवी आवृत्ती सुरू करून पाहिली, ती नीट उभी राहिली नाही म्हणून तो स्वतःहून मागे फिरला, असा अर्थ. ही शेवटची गोष्ट मला नवीन होती. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून काही फोनांमध्ये प्रणालीसाठी, म्हणजे फोन चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरसाठी, दोन कप्पे ठेवण्याची पद्धत आली. आपण एका कप्प्यावर फोन वापरत असतो, तेव्हा अपडेट मागच्या मागे दुसऱ्या कप्प्यात बसते आणि फोन पुन्हा सुरू होताना त्या दुसऱ्या कप्प्यातून उठतो. तो उठला नाही तर पहिला कप्पा शाबूत असतोच. पण दोन पूर्ण कप्पे ठेवायचे म्हणजे जागा दुप्पट लागणार, म्हणून २०२० च्या अँड्रॉइड ११ मध्ये त्यात बदल करून दुसरा कप्पा आभासी करण्यात आला : जेवढा भाग बदलतो तेवढाच वेगळा लिहायचा, आणि त्यासाठी गरज पडली तर आपल्याच फोटो-व्हिडिओंच्या साठवणुकीतली मोकळी जागा तात्पुरती वापरायची. म्हणून फोनमध्ये फाइल मावेल एवढी जागा आहे असे दिसत असूनही अपडेट बसत नाही. फाइल ठेवायला जागा वेगळी लागते आणि ती उलगडून बसवायला वेगळी. बाबांच्या फोनचे पहिले दुखणे हेच होते आणि अकरा जीबी मोकळे झाल्यावर ते गेले. दुसरे दुखणे त्याच्या आड लपलेले होते.

दुसऱ्या दुखण्याबद्दल दादांनी जे सांगितले ते मी इथे जरा विस्ताराने देते, कारण ‘फॉरमॅट मारा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. कंपनी दर वेळी संपूर्ण प्रणाली पाठवत नाही, बहुधा जुन्या आणि नव्या आवृत्तीतला फरक तेवढा पाठवते. शिंप्याने मापाला कापून ठेवलेली बाही जशी त्याच सदऱ्याला बसते, तशी ही फरकाची फाइल ठरावीक जुन्या आवृत्तीवरच बसते. फोनमधल्या प्रणालीचा एखादा भाग मुळापेक्षा किंचितही वेगळा झालेला असेल, मग तो कोणी बाहेरून सॉफ्टवेअर टाकल्यामुळे असो वा साठवणुकीतल्या बिघाडामुळे, तर पडताळणीत तो पकडला जातो आणि अपडेट नाकारले जाते. आता फॉरमॅट, म्हणजे सेटिंग्जमधला फॅक्टरी रिसेट, नेमके काय पुसतो? आपले फोटो, आपली ॲप, आपले संदेश. प्रणालीच्या भागाला तो हात लावत नाही. दोष प्रणालीत असेल तर ओव्या गेल्या असत्या आणि दोष तिथेच राहिला असता. “जागेचा प्रॉब्लेम असला तर फॉरमॅटनं सुटतो, ताई,” दादा म्हणाले, “कारण जागाच मोकळी होते. लोकांना वाटतं फॉरमॅटनं फोन बरा झाला.”

पासवर्डच्या प्रश्नाने तर माझ्या पोटात गोळाच आला. बाबांचे गुगल खाते फोन घेतला त्या दुकानातल्या मुलाने काढून दिले होते आणि पासवर्ड कोणालाच ठाऊक नव्हता. अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, अशी तरतूद आहे की, चोराच्या हाती गेलेला फोन त्याने बळेच पुसला तर पुन्हा सुरू करताना आधीच्या खात्याचा पासवर्ड किंवा पडद्याचे कुलूप विचारले जाते. तरतूद चांगली आहे. पण खात्याचा पासवर्ड माहीत नसताना रिसेटच्या वाटेला जाणे म्हणजे स्वतःच्या घराला कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकणे. दादांनी दुसरे काही करण्याआधी बाबांना त्यांच्याच फोनवरून, त्यांच्याच मोबाइल क्रमांकाच्या आधारे, नवा पासवर्ड ठेवायला लावला आणि तो बाबांनी आपल्या खिशातल्या डायरीत शेवटच्या पानावर लिहिला. पासवर्ड टाइप करताना दादा तोंड फिरवून बसले होते, हे मी मुद्दाम नोंदवते.

मग प्रत काढण्याचे काम झाले आणि त्याला सर्वात जास्त वेळ गेला. पहिली केबल लावली तर संगणकाला फोन दिसेना. दादांनी ती बाजूला ठेवून खणातून दुसरी काढली, जिच्या टोकाला पांढऱ्या पट्टीवर ‘डेटा’ असे पेनने लिहिलेले होते. बाजारात मिळणाऱ्या अनेक स्वस्त केबली फक्त चार्जिंगपुरत्या असतात, त्यांच्यात माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतातच. अपडेट संगणकावरून करताना फोन ओळखला जात नाही, याचे कारण बऱ्याचदा एवढेच असते. फोटो, व्हॉट्सॲपचा फोल्डर आणि ओव्यांचा फोल्डर त्यांनी आम्ही सोबत नेलेल्या पेन ड्राइव्हवर उतरवले, फोनमधल्या फाइली मोजल्या, ड्राइव्हवरच्या मोजल्या : दोन्हीकडे १४३. एवढ्यावर न थांबता त्यांनी त्यातल्या तीन फाइली ड्राइव्हवरून उघडून बाबांना ऐकवल्या. त्या लहानशा गाळ्यात संगणकाच्या स्पीकरमधून जात्याची घरघर आणि तिच्यावरचा तो थकलेला आवाज आला, तेव्हा शेजारच्या टेबलावर डिस्प्ले बसवत असलेल्या मुलाने हातातला चिमटा खाली ठेवला. बाबा म्हणाले, “या आमच्या वरच्या आळीच्या आजी.” पुढे कोणी काही बोलले नाही, आणि दादांनी फाइल पूर्ण संपेपर्यंत चालू ठेवली.

प्रत्यक्ष दुरुस्ती त्या मानाने लवकर झाली. फोनमध्ये अर्धवट पडून असलेली अपडेटची फाइल काढून टाकून एकदा नव्याने प्रयत्न केला, तोही फसला. मग कंपनीने संगणकासाठी दिलेल्या अधिकृत साधनातून फरकाच्या फाइलीऐवजी संपूर्ण प्रणालीचे पॅकेज उतरवले आणि माहिती न पुसता ते बसवले. साधारण पंचवीस मिनिटे फोनला हात लावू दिला नाही. केबल हलू नये म्हणून फोन टेबलावर एका जाड कापडावर ठेवून दिला होता. फोन सुरू झाला, ॲप सावरायला थोडा वेळ गेला आणि ‘फोनबद्दल’ मध्ये पॅचचा नवा महिना दिसला. नेमका कोणता भाग बिघडला होता, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी उगाच काहीतरी नाव फेकले नाही. “पूर्ण पॅकेज बसलं आणि फरकाचं बसत नव्हतं, म्हणजे प्रणालीत कुठेतरी डाग होता एवढं नक्की. कुठे, ते मला सांगता येणार नाही,” असे त्यांनी स्पष्ट सांगितले. दुरुस्तीच्या धंद्यात हे वाक्य मी फार क्वचित ऐकले आहे.

आम्ही बसलो होतो त्या तीन तासांत एक तरुण अँड्रॉइड १० वर थांबलेला फोन घेऊन आला आणि नवे अपडेट टाकून द्या म्हणून आग्रह करू लागला. दादांनी फोन पाहिला, त्या मॉडेलची मुदत पाहिली आणि सांगितले की, हा बिघाड नाही, कंपनीने या फोनला अपडेट देणेच बंद केले आहे. बाहेरची प्रणाली टाकता येईल, पण तशा फोनवर बँकांची ॲप चालतीलच असे नाही, म्हणून मी टाकून देणार नाही. त्याच्याकडून एक रुपयाही घेतला नाही. हा फरक ग्राहकांनीही समजून घेण्यासारखा आहे. गुगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस २४ पासून सात वर्षांच्या अपडेटची हमी दिली आहे, पण ती महागड्या फोनांची गोष्ट झाली. स्वस्त फोनांची मुदत बरीच कमी असते आणि खोक्यावर ती ठळक छापलेली नसते. फोन घेतानाच किती वर्षे अपडेट मिळणार हे विचारून बिलावर लिहून घ्यावे, असे मला वाटते.

आयफोनची कामेही इथे होतात. त्याबद्दल त्यांनी सांगितलेली एकच गोष्ट लिहिते : अपडेट अडलेला आयफोन संगणकाला जोडल्यावर ‘अपडेट’ आणि ‘रिस्टोअर’ असे दोन पर्याय येतात, त्यातला पहिला माहिती ठेवून प्रणाली नव्याने बसवतो आणि दुसरा सगळे पुसतो. घाईत दुसरा दाबून नंतर रडत आलेली माणसे त्यांनी पाहिली आहेत.

आता व्यवहाराबद्दल. एकूण ४५० रुपये घेतले आणि हाताने लिहिलेली पावती दिली, तिच्यावर आयएमइआयचे, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकाचे, शेवटचे चार अंक, केलेले काम आणि ‘पंधरा दिवसांत तोच त्रास झाल्यास विनामूल्य’ असे लिहिलेले होते. संगणकावर तात्पुरत्या आलेल्या आमच्या फाइली त्यांनी आमच्यासमोर पुसल्या आणि कचऱ्याचा डबाही रिकामा करून दाखवला. पैसे यूपीआयने दिले, तेही बाबांनी, त्याच फोनवरून.

उणिवाही आहेत. जिना अरुंद आणि उभा आहे, कठड्याऐवजी दोर बांधलेला आहे, गुडघे दुखणाऱ्या माणसाने वर चढण्याचा विचार करूनच यावे. गाळ्यात एकच खुर्ची आहे. ती बाबांना मिळाली आणि मी सगळा वेळ उभी होते. फोन केला तर बहुतेक वेळा उचलला जात नाही. गाडी लावायला जवळपास जागा मिळणे जवळजवळ अशक्य आहे, त्यापेक्षा कसबा पेठ किंवा मंडई मेट्रो स्थानकावर उतरून चालत यावे. आणि एक गोष्ट मला खरोखर खटकली : जे ग्राहक फोन ठेवून जातात, त्यांच्या फोनवर चिकटवलेल्या चिठ्ठीत नावासोबत पडद्याच्या कुलपाचा अंकही लिहिलेला असतो आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही वाचता येतो. माहितीची इतकी काळजी घेणाऱ्या माणसाच्या टेबलावर हे दिसावे याचे वाईट वाटले. मी तसे बोलून दाखवले, त्यांनी ते मान्य केले आणि चिठ्ठ्या उलट्या चिकटवायला मुलाला सांगितले. माझ्या मते अंक लिहूच नये, शक्य असेल तर ग्राहकाने समोर बसून स्वतः कुलूप उघडून द्यावे. जे तिथे जातील त्यांनी हा आग्रह धरावा.

जानेवारीत पुढचा पॅच आला. त्या रात्री बाबांनी वाय-फाय लावले, फोन चार्जरवर ठेवला आणि सकाळी साडेसहाला मला दूरध्वनी करून पॅचचा महिना वाचून दाखवला. ओव्यांची एक प्रत आता माझ्याकडे आहे, एक पेन ड्राइव्हवर बाबांच्या कपाटात, आणि मुद्रणांची संख्या १५१ झाली आहे.